तोंडी मत

"क्रेन, आता तुम्ही आणि लेवाय टॅकेट, दोघंच राहिलात," कारकून म्हणाला. "तुमची मतं अठ्ठावन्न, कर्नलची सत्तावन्न. आटपा, दिवस मावळला की वही मिटणार."

ओबेद क्रेन मेजापाशी आला. दोन हिवाळे तो इलिनॉयच्या विधानसभेत बसला होता. नदीपलीकडची गुलामी अलीकडे आणू पाहणारा कायदा त्याने एका मताने हाणून पाडला होता. कर्नल वेदरली निवडून आला तर तोच कायदा पुन्हा येणार होता.

मत इथे तोंडाने द्यायचं, मेजासमोर, सगळ्यांच्या देखत. आणि उमेदवाराने आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचं, ही जुनी रीत. कर्नलने सकाळीच टोपी काढून ओबेदचं नाव घेतलं होतं. आता ओबेदने रीत पाळली की बरोबरी, आणि सगळा भार लेवायवर. लेवाय कर्नलचं रान कसत होता, कर्नलच्याच झोपडीत राहत होता. बायकोचे दिवस भरत आलेले. आणि कर्नल मेजाशेजारी खुर्ची टाकून त्याच्याकडेच बघत बसला होता.

लेवायच्या कपाळावरून घाम निथळत होता. ओबेदला ते पाहवेना.

"ओबेद क्रेन," तो म्हणाला.

कारकुनाची लेखणी थांबली. "स्वतःलाच?"

"लाज कोळून प्यायलास की रे!" मागून कोणीतरी ओरडलं. कर्नल हसला. ओबेदचे कान तापले, पण त्याने मान खाली घातली नाही. एकोणसाठ झाली होती. आता लेवायने कोणाचंही नाव घेतलं तरी काही बिघडणार नव्हतं.

लेवाय मेजापाशी आला आणि ओबेदसमोरच उभा राहिला. "माझ्यासाठी केलंस?"

"कर्नलचं नाव घे आणि घरी जा, बाबा," ओबेद हलकेच म्हणाला.

"सहा मैल तुझं नाव घोकत आलोय. ते आता गिळू म्हणतोस?"

तो कारकुनाकडे वळला. "ओबेद क्रेन! लिहा. कर्नलसाहेबांना ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगतो."

"गेलं ऐकू," कर्नल म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत झोपडी रिकामी पाहिजे."

ओबेदची माणसं त्याला खांद्यावर घ्यायला धावली. त्यांच्या डोक्यांवरून त्याला दाराबाहेरचा लेवाय दिसला. गाडीत अवघडून बसलेल्या बायकोला तो काहीतरी सांगत होता. तिने ऐकून घेतलं, पोटावरचा हात काढला आणि त्याच्या हातातून कासरा आपल्याकडे घेतला.