तोरणाखालच्या तीन ओळी

ऐन तोरणाखाली पंजाबरावांचा घसा बसला.

सकाळपासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बैलांच्या शिंगांचा रंग फिका झाला म्हणून ओरडले, झूल तिरपी पडली म्हणून ओरडले, आणि मधल्या वेळात गोठ्यात झडत्यांचा सराव. आता मारुतीच्या पारापुढं सगळं गाव जमलेलं, आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं, आणि तोंडातून निघाली ती नुसती हवा.

पोळ्याला बैल तोरणाखालून जाण्याआधी खड्या आवाजात झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली चार ओळींची कवनं, म्हणायच्या. एकानं म्हटली की दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. बाळापूरजवळच्या या गावात रीत अशी, की ज्याला उत्तर सुचलं नाही त्याची जोडी मागे. पंजाबरावांची जोडी आजवर कधी मागे राहिली नव्हती. गावात ट्रॅक्टर आले, जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, पण हा मान त्यांनी सोडला नव्हता. खालच्या आळीचा गोवर्धन दरवर्षी हरायचा आणि दरवर्षी नव्या तयारीनं यायचा.

आज त्यानं कापसाच्या भावावर अशी झणझणीत झडती म्हटली होती की म्हातारेही शिट्ट्या मारत होते. आता तो मिशीत हसत उभा होता.

"बोला ना काका. काहून गप झाले?"

पंजाबरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मुलगा देवानंद अकोल्याला, त्याला सुटी मिळाली नव्हती. जोडीचा कासरा धरून उभा होता तो देवमन, वर्षाच्या बोलीवर त्यांच्याकडे राबणारा सालगडी. पोळ्याला मालकाकडून मिळालेला नवा सदरा त्याच्या अंगात होता, घडीच्या रेघांसकट. देवमन तर घरातही चार शब्द बोलत नसे. शेवटी त्यांची नजर बायकांच्या घोळक्यात पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनेवर थांबली.

मंजुषा रोज एक हायकू लिहायची. तीन ओळी, सतरा अक्षरं. आखाजीला, दिवाळीला लिहायचीच, पण गॅस संपला, तुरीला शेंगा धरल्या, पोरांची शाळेची व्हॅन चुकली, तरी लिहायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. पंजाबराव त्यांना लिंबाच्या फोडी म्हणायचे. "हे कविता व्हय? सुरू झाली का संपली!" असं जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांनी तिला हातानं बोलावलं. ती ताटासकट आली.

"म्हण," घशातून खरखर आली.

"मले झडती कुठं येते, मामाजी?"

"ते तुयं रोजचं. तेच म्हण."

मंजुषानं गर्दीकडं पाहिलं. ग्रुपवर टाकणं वेगळं. इथं अख्खं गाव होतं, आणि तोरणाखाली बाईनं झडती म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चुकलं तर मामाजींचा मान तिच्या हातून जाणार होता. तिनं ताट पारावर ठेवलं. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळताना सुचलेलं तिनं मोठ्यानं म्हटलं,

"खांद्याला लोणी
वर्षातून एकदा
घट्टा तसाच"

गाव थांबलं. आता चौथी ओळ येईल, यमक जुळेल, म्हणून सगळे कान टवकारून उभे. डफडेवाल्यानं काडी वर उचलली होती, ती वरच राहिली.

"पुढं?" गोवर्धननं विचारलं.

"झालं."

"झालं? बाप्पा! हा बैल तं उभा व्हायच्या आधीच बसला की वो!"

एकच हशा पिकला. मंजुषाचे कान तापले, पण तिनं मान खाली घातली नाही.

"इतकंच राह्यते ते," ती म्हणाली. "बाकीचं आयकनाऱ्यानं पाहावं."

देवमनचा हात बैलाच्या मानेवर होता. लोण्यानं मऊ झालेल्या केसांखाली त्याच्या बोटांना जुवाचा घट्टा लागला आणि बोटं तिथंच थांबली. मग त्यानं उगाच नव्या सदऱ्याची कॉलर सैल केली आणि जन्मात कधी चारचौघांत न बोललेला देवमन ओरडला,

"हर बोला!"

"हर हर महादेव!" आधी दोन-चार आवाज आले, मग बायकांचा घोळका, मग सगळं गाव. डफड्यावर काडी पडली.

आता उत्तर गोवर्धननं द्यायचं होतं. त्याच्याजवळ सासू-सुनेवर झडत्या होत्या, सरपंचावर होत्या, मोबाइलवरही होत्या. त्यानं तोंड उघडलं. मग आपल्याच बैलाच्या खांद्याकडं पाहिलं आणि मिटलं. इतक्या खऱ्या बोलण्यावर काय यमक जुळवणार? त्यानं कासरा ओढून आपली जोडी मागे घेतली. हरला होता, पण चेहरा हरल्यासारखा नव्हता.

"जा वैनी, तुमचीच जोडी पयले," तो म्हणाला. "पर काका, असं कधी आयकलं नोतं. वर्षभर कुठं लपवून ठेवली होती हे झडती?"

पंजाबरावांनी फेटा सारखा केला आणि ते सुनेच्या शेजारी येऊन ताठ उभे राहिले. तिच्याकडं पाहायचं त्यांनी टाळलं, कारण डोळे भरून आले होते. छाती अभिमानानं अशी फुगली होती की उरलासुरला सगळा आवाज त्यांनी गोळा केला.

"हे आजचं हाय, गोवर्धन," ते म्हणाले. "आमच्या घरी रोज नवं निंघते."