डिकीतली निळी बाटली

“डिकी उघड,” हवालदार प्रेमलालने काचेवर बोट वाजवलं.

अश्विनने इंजिन बंद केलं. बैहरचा घाट उतरून गाडी सपाटीला लागली होती, बालाघाट अर्ध्या तासावर होतं आणि तपासणी नेमकी आजच लागावी? शेजारी त्याची आई विमलाबाई बारशाच्या घुगऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

त्याने डिकी उघडली. आत पट्ट्याने बांधलेली निळी बाटली होती. तिची इंजिनाकडे जाणारी नळी गालिच्याखाली दडवलेली होती.

“हे काय होय?”

“ऑक्सिजन, साहेब. मायसाठी.”

प्रेमलालचा आवाज एकदम मवाळ झाला. करोनाच्या त्या उन्हाळ्यापासून या भागात ऑक्सिजनच्या बाटलीला कोणी उलटा प्रश्न विचारत नाही. तेव्हा लोकांनी वेल्डिंगच्या दुकानांतूनही बाटल्या उचलून आणल्या होत्या. आजही बाटली दिसली की इथल्या माणसाला आधी श्वास आठवतो. अश्विनचे वडील घनश्याम त्याच उन्हाळ्यात गेले, बाटलीची वाट बघत.

या बाटलीत मात्र ऑक्सिजन नव्हता, नायट्रस होता. तो इंजिनाला पाजला की साधी गाडीही पिसाळल्यागत धावते. गॅरेजवाल्या मोहितने तो बसवून दिला होता. “विकायले बंदी नाही, रेसच्या मैदानात बंदी नाही. रस्त्यावर आहे. पण रस्त्यावर ओळखते कोण?” असं म्हणून मोहित हसला होता. अश्विनही हसला होता. अक्कल गहाण टाकायची तर असा एखादा मित्र लागतोच.

पुढे एकदा आईने बाटली पाहिली आणि त्याच्या तोंडून खोटं निघून गेलं. “तुह्यासाठी आणला, माय. वाटेत दम लागला तं असू दे.” नवऱ्यामागे विमलाबाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. दवाखान्यापासून लांब जायचं म्हटलं की त्यांची छाती भरून यायची. आणि काय सांगावं, बाटलीचं ऐकल्यापासून त्या चक्क हिंडू लागल्या. हट्ट्याला बहिणीकडे, मलाजखंडला लग्नाला, आज बैहरला बारशाला. अश्विन कुठेही निघाला की चप्पल घालून त्या आधीच दारात. नातेवाईक त्याला श्रावणबाळ म्हणत आणि ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण खरं कोणत्या तोंडाने सांगणार? सांगितलं की आई पुन्हा खाटेला चिकटणार. गाडी पकडली जाण्यापेक्षा त्याला तीच धास्ती मोठी होती.

“जा बेटा,” प्रेमलाल म्हणाला, “ऐसा बेटा सबको मिले.”

अश्विन डिकी लावणार तोच एक बाई धावत आली. रस्त्याच्या कडेला एक जीप बंद पडली होती. जीपच्या सावलीत तिचा म्हातारा बाप बसला होता. त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

“दादा, मी मंजू, बैहरची. माह्या बाबाले दम्याचा त्रास हाय. ॲम्ब्युलन्स निघाली म्हणतात, पण येऊनच नाही राह्यली. थोडासा ऑक्सिजन द्या. मास्क हाय माह्याजवळ.”

“दे रे,” प्रेमलाल म्हणाला.

अश्विनने बाटलीकडे पाहिलं. बाटली रिकामी आहे, एवढं म्हटलं की सुटका होती. पण प्रेमलालने वाकून काटा पाहिलासुद्धा. “भरेल तं हाय. काहून थांबला?”

मंजू स्वतःच पट्टा सोडायला लागली. विमलाबाई घाईघाईने गाडीतून उतरल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात अश्विनने मंजूचा हात धरला.

“हात नको लावू, ताई. तो ऑक्सिजन नाही. त्यानं तुह्या बाबाचा जीव जाईन.”

मग त्याने सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, आईकडे न बघता.

प्रेमलालने तोंडावर आलेली शिवी गिळली. “कंपनीनं जे दिलं नाही, आरसीत जे लिहिलं नाही, ते रस्त्यावरच्या गाडीत लावता येत नाही. मालूम है न?”

“हौ, साहेब.”

“मग बाटली काढ अन् चाबी दे. बाबाले याच गाडीत दवाखान्यात नेतो. गाडी मंग ठाण्यात लागन. आता बसनं घरी जा, उद्या ये तिकडं.”

अश्विनने बाटली सोडवून दुसऱ्या शिपायाच्या हवाली केली. म्हाताऱ्याला मागच्या सीटवर टेकून बसवलं, शेजारी मंजू बसली. प्रेमलाल गाडी घेऊन गेला आणि रस्त्यावर मायलेक उरले.

गाडी गेल्याचं अश्विनला फारसं वाटलं नाही. आता आईची छाती भरून येईल, ती इथेच मटकन खाली बसेल, या भीतीने तो तिच्याकडे बघत होता. विमलाबाई बसच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यांना थोडी धाप लागली होती, तेवढंच.

“माय, मले माफ कर,” तो म्हणाला. “त्या बाटलीच्या भरोशावर तू घराबाहेर पडली. अन् तुह्यासाठी त्यात काहीच नव्हतं.”

“माहीत होतं मले. मोहितच्या मायनं तेव्हाच सांगतलं होतं.”

“मग माह्यासंग येत काहून होती?”

विमलाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

“दम तं मले रोजच लागत होता, बापा. पण मी बाजूले बसली का तू गाडी हळू चालवतो.”