डाव्या गुडघ्याचा अहवाल

एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी कॉलेजची पोरं हेरणं हा माझा धंदा. डिक्वॉन टॉलिव्हरवर मी तीन वर्षं नजर ठेवून होतो. चेंडू फेकणाऱ्या गड्यापुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, हे त्याचं काम. त्याने मागच्या गड्याला धक्का म्हणून लागू दिला नव्हता.

निवडीआधीच्या तपासणीत आम्ही त्याला नुसत्या चड्डीवर उभा केला आणि बैल बघावा तशा त्याच्या मांड्या, दंड, पंजे मोजले. तो बाहेर गेल्यावर आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डावा गुडघा आतून झिजलाय. अजून चार वर्षं खेळला तर तिशीच्या आत काठी लागेल. आत्ता थांबला तर वाचेल."

"मग त्याला सांगायला हवं," मी म्हणालो.

मॅनेजर हेन्स्ली कोंबडीचं हाड चोखत होते. "कशाला? चार वर्षं टिकतोय ना? आपला करार तरी कुठे त्याहून मोठा असतो? घेऊन टाका."

त्यांनी बोटं चाटली आणि पुढच्या पोराची फाइल ओढली. मी उठून बाहेर आलो, तर डिक्वॉन दाराशीच उभा.

"सर, काय म्हणाल्या डॉक्टर?"



"खणखणीत आहेस, लेका," मी म्हणालो, आणि त्याने मला कडकडून मिठी मारली.