सिद्धवटाचे कावळे

पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. नदीकाठच्या सिद्धवटाच्या फांद्यांवर कावळे दाटीवाटीने बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता.

यज्ञेश्वर हात जोडून उभा होता. अप्पांचा दहावा दिवस, आणि एकुलता एक मुलगा तोच. डोकं, मिशा, सगळं उतरवलेलं. तो पुढे सरकला की वर कावकाव उठायची, मागे सरला की कमी व्हायची. हे फक्त त्याच्या लक्षात आलं होतं.

"भैया, बाबूजी का जी कहीं अटका है," विधी सांगणारे पंडाजी म्हणाले. "कुछ वचन दे दो."

धाकट्या बहिणीने, सुलूने, अप्पांची सायकल कुणाला देणार नाही म्हणून सांगितलं. मग यज्ञेश्वर पुढे झाला. "नवं राज्य झालंय, माझं ऑफिस भोपाळला जाईल. पण मी आईला सोडून जाणार नाही, अप्पा." वर एकच कालवा झाला.

"दादा, तू अप्पांना काही बोलला होतास का रे?" सुलूने हळूच विचारलं.

त्याने वर फांद्यांकडे पाहिलं. पक्ष्यांचं त्याला वेड. पोटाला चिमटा काढून घेतलेला फिल्मचा कॅमेरा, आणि कपाटात भुसा भरलेले बेचाळीस पक्षी. गेल्या महिन्यात समोरच्या काठावरून त्याने याच कावळ्यांची फिल्म काढली, आणि संग्रहात कावळा नाही म्हणून एक गोळी घालून पाडला. त्याला पायाला धरून नेताना हे सगळे थेट पुलापर्यंत डोक्यावर ओरडत आले होते. तेव्हा त्याला मौज वाटली होती. कावळा माणसाचा चेहरा विसरत नाही, हे घरी जाऊन त्यानेच अप्पांना कौतुकाने सांगितलं होतं.

"दर्भ का कौआ बना दूँ, माताजी?" पंडाजींनी आईला विचारलं.

"गवताचा नको." आईचे ओठ कोरडे पडले होते. "माझं माणूस भूखंच जाईल."

खरं सांगितलं तर आई आपलं तोंड पाहणार नाही. आणि नाही सांगितलं, तर तिच्या जिवाला जन्माचा घोर. त्याने उपरणं डोक्यावरून पुढे ओढलं आणि "आलोच" म्हणून निघाला. घाटापलीकडे भैरवगढच्या रंगाऱ्यांनी छापाच्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्याआड जाऊन तो श्वास रोखून उभा राहिला.

कावकाव थांबली. पंख फडफडले.

"शिवला गं आई," सुलू रडत रडत म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. चादर बाजूला सारून तो निघणार, तोच आईची हाक आली. इतक्या थंड आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

"यज्ञेश्वर, तिथंच थांब. इकडे येऊ नकोस. जेवू दे तुझ्या अप्पांना."