मोकळी पायरी

नव्वद सालाच्या फुडं बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचा स्लॅब टाकत हुते. मिक्सरपासनं वरपतोर लाकडी शिडीच्या पायरी-पायरीवर आमी बाया हुब्या. घमेली अशी पळायची, मधी कावळा बसला आसता तर त्योबी स्लॅबात गेला आसता. तेवढ्यात झोळीतली माझी पोरगी रडली. तिला पाजायला मी खाली उतरले, तर ठेकेदार गुलाबराव वराडला, "आता परत चढू नगंस! जा घरी. एका बाईवाचून काय अडत न्हाय."

मी पोरीला घेऊन बाभळीखाली बसले.

माझी पायरी मोकळी पडली, पर एक बाई जागची हलली न्हाय. खालच्या पायरीवरली मेहबूबबी भरलं घमेलं घेऊन नुसती हुबी. वरच्या बाईपतोर तिचा हात पोचंना.

"थांबलीस का गं? अर्ध्यात माल सुकला तर स्लॅब जन्मभर गळंल!"

"मी कुठं थांबले, ठेकेदार? घमेलं घ्यायला वर बाईच न्हाय."

गुलाबराव पांढरी पँट गुडघ्यापतोर वडून सोताच माझ्या पायरीवर चढला. बघता बघता त्याची काळी मिशी सिमेंटनं पिकली.

"ये गं बाई!" त्यो वरनं हाका मारायला लागला. "पायजे तवा पाजत जा पोरीला, पर आदी वर ये!"

"आले, आले! अजून पितीया," मी वराडले.

पोरगी कवाच झोपली हुती.