रज्जाकचा लोखंडी टोप

लढाई संपल्यावरच्या पहिल्या मोहरमात रोशनबीनं शेवगावच्या वेशीतल्या लिंबाला लेकाचा लोखंडी टोप उलटा टांगला. घागर ओतली की गोळीच्या भोकातून धार लागायची, वाटसरू ओंजळीनं प्यायचे. रज्जाक वाळवंटात पाणी मागतच गेला, असं टोप आणून देणाऱ्या सोबत्यानं सांगितलं होतं. नगरच्या कॅम्पातला गोरा साहेब मेलेल्या शिपायांचे टोप जमवायचा, पण ज्यांत नाव असेल तेच. एके दिवशी वेशीत मोटार थांबवून त्यानं आतलं कोरलेलं नाव वाचलं आणि सोबतच्या हवालदाराकरवी टोप मागितला. “विलायतेत काचेच्या कपाटात राहील, नावासकट.” “कपाटात कुनाला तहान लागती?” रोशनबीनं विचारलं. हवालदार पुटपुटला, “साहेब रागावतील.” “रागावू द्या. माझं पोर त्यांच्या लढाईत तहानलेलं मेलं.” तिनं घागर टोपात रिकामी केली. साहेब ताठच उभा राहिला, धार मातीत पडू लागली. “सांगा त्यांना, वाकल्याबिगर हितं पानी मिळत न्हाई.”