निम्म्या वाटेवरची तपासणी

मुलांनो, डोळे मिटून बघा: निफाडच्या द्राक्षबागांमधून चाळीस किलोमीटरची घोड्यांची शर्यत चाललीय, आणि हरणी नावाच्या घोडीवर आहे नऊ वर्षांची दीपमाला.

निम्म्या वाटेवर सगळे उतरले. घोड्यांच्या डॉक्टरांनी हरणीचे ठोके मोजले, तिला चार पावलं चालवून पाहिलं.

"घोडी ठणठणीत आहे. जाऊ द्या पुढे."

"पप्पा, मला अंधारी येतेय," दीपमाला म्हणाली. "मी पडेन. थांबू या ना."

"इथे घोडी लंगडली तरच थांबवतात, दीपू. तू काय घोडी आहेस?" पप्पा हसले आणि पाणी आणायला गेले.



"सॉरी गं," असं हरणीच्या कानात म्हणून दीपमालाने तिचा पुढचा पाय उचलला आणि खुरात एक टोकदार खडा घट्ट दाबून बसवला.